भात्याचा जोर

माझ्या अब्बांचं निम्मं आयुष्य क्लॅरिनेट फुंकण्यात गेलं. आमच्या मिरजेत सतारी आणि तंबोरे बनवणारे कारागीर आहेत, त्यांचं नाव देशभर आहे. वरातीपुढे चालणाऱ्या बँडवाल्यांचं नाव मात्र गल्लीच्या पलीकडे जात नाही. अब्बा त्यांतले. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, मे महिन्याचं ऊन आणि तोंडात क्लॅरिनेट. घरी शिकायला येणाऱ्या पोरांना ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, "गाल फुगवू नको. गालातली हवा खोटी. पोटातून आण." मला क्लॅरिनेट कधी वाजवता आलं नाही. मराठी विषय घेऊन बी.ए. झालो, कवितेच्या नादी लागलो, आणि अब्बांचं ते वाक्य विसरूनही गेलो. ते मला परत आठवलं सत्तावन्नाव्या वर्षी, एका परीक्षेत.

परीक्षा होती श्वास घेण्याच्या स्नायूंचा जोर मोजण्याची.

२०२५ च्या पावसाळ्यात आमच्या वाचनालयाच्या फलकावर एक कागद लागला होता. 'निरोगी प्रौढ व्यक्ती हव्या आहेत. वय २० ते ७०. श्वसनाच्या स्नायूंची ताकद मोजण्यासाठी. वेळ पाऊण तास. चहा मिळेल.' खाली फिजिओथेरपीच्या एका विद्यार्थिनीचा फोन नंबर. सकाळी पेपर वाचायला जमणारी आमची मंडळी 'निरोगी' या शब्दावर खूप हसली. एकाला मधुमेह, एकाची अँजिओप्लास्टी झालेली, एकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. "तुम्हीच जा," असं सगळे मला म्हणाले, "तुम्हांला कवितेशिवाय दुसरा आजार नाही." मी नंबर लिहून घेतला. त्यांना वाटलं, चहासाठी. मी का गेलो ते सांगायचं तर सहा महिने मागे जावं लागेल.

माझी धाकटी बहीण पुण्यात सिंहगड रस्त्याला राहते. २०२५ चा जानेवारी त्या भागातल्या लोकांच्या चांगला लक्षात असेल. किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या बाजूला अचानक माणसं आजारी पडू लागली. आधी जुलाब, मग काही दिवसांनी पायांत मुंग्या, मग पाय उचलेनासे. गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, हे नाव तेव्हा घराघरांत पोहोचलं. दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं, काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला. दोनशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली. या आजारात होतं असं, की शरीराची स्वतःची संरक्षण-यंत्रणा जंतूशी लढता लढता चुकून मज्जातंतूंवरच तुटून पडते. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोहोचत नाही. सुरुवात बहुधा पायांपासून होते आणि आजार वर चढत जातो.

माझा भाचा त्यांतला एक. वय एकवीस. मी मिरजेहून पोहोचलो तेव्हा पलंगावर बसून मोबाइल बघत होता, आणि तो मोबाइल माझ्यादेखत दोनदा त्याच्या हातातून खाली पडला. एका रुग्णालयात त्याला नेलेलं होतं. तिथे बोटाला तो चिमटा लावला. ९८. "ऑक्सिजन उत्तम आहे," असं सांगून त्याला साध्या वॉर्डात ठेवलं. त्या रुग्णालयाचं नाव मी घेणार नाही. करोनाच्या काळापासून आपण सगळेच त्या चिमट्याचे भक्त झालो आहोत, बहिणीच्या पर्समध्येही तो होताच. ती दर तासाला लावायची. ९८, ९७, ९८. प्रत्येक वेळी आमचा जीव भांड्यात पडायचा.

रात्री मी त्याला पाणी पाजत होतो. तो हळूच म्हणाला, "मामू, पानी पीते वखत ठसका लगरा." आवाज नाकातून येत होता. आणि हे चार शब्द बोलताना तो मध्ये एकदा थांबला होता. वर्षानुवर्षं कविसंमेलनात काढलेला माणूस आहे मी. ओळीत श्वास कुठे घ्यायचा हे मला कळतं. त्या वाक्यात थांबायची जागा नव्हती.

त्याला दुसरीकडे हलवलं. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टर वयाने लहानच होत्या. चिमट्याकडे त्यांनी पाहिलं, पण तिथे थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "पूर्ण श्वास घे आणि एका दमात मोठ्याने मोज. सेकंदाला दोन आकडे." घरात आम्ही दखनी बोलतो, पण भाच्याचे पाढे मराठी शाळेतले. तो 'एक, दोन, तीन' करत चोविसाला थांबला. निरोगी प्रौढ माणूस साधारण पन्नासपर्यंत जातो, असं डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी त्याच्या तोंडात एक नळी दिली, नाक बंद केलं आणि जोर लावून श्वास आत ओढायला सांगितला. छोट्या यंत्रावर आकडा आला : ३८.

"हे कमी आहे का?" मी विचारलं.

"निरोगी मुलाचं शंभराच्या आसपास यायला हवं."

पहाटे चारला त्यांनी परत मोजलं. एका दमातली मोजणी चौदावर आली होती. नळीवरचा आकडा २६. आणि बोटावरचा चिमटा? तो अजून ९६ दाखवत होता. जीबीएसच्या रुग्णाचा हा श्वास ओढण्याचा जोर तिसाच्या खाली गेला, की कृत्रिम श्वासाची तयारी ठेवावी, असा एक नियम आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी तो २००१ मध्ये मांडला. आमच्या डॉक्टरांनी वाट पाहिली नाही. झोपेचं औषध देऊन, घाईगर्दी न होता त्याला व्हेंटिलेटरवर घेतलं. अकरा दिवस तो त्यावर होता. इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं दिली, बहिणीच्या बांगड्या गेल्या. मार्चमध्ये तो वॉकर धरून चालला.

त्या रात्री बाहेरच्या बाकावर बसलो असताना एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता. शंभराच्या आसपास, हे कुणी ठरवलं? ३८ हा आकडा एकटा काहीच बोलत नाही. त्याच्या शेजारी शंभर उभे राहिले म्हणून तो बोलला. ते शंभर आले कुठून? साहजिकच, ज्यांना काही झालेलं नव्हतं अशा कुणीतरी कधीतरी ती नळी तोंडात धरली असणार. म्हणून वाचनालयातला तो कागद दिसल्यावर मी नंबर लिहून घेतला.

आता हा जोर म्हणजे काय, ते थोडं सांगतो. मला त्या विद्यार्थिनीने आणि तिच्या सरांनी जसं समजावलं तसं.

फुफ्फुस आपणहून फुगत नाही. त्याला ओढून फुगवावं लागतं. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटाच्या आकाराचा एक स्नायू आहे, श्वासपटल. तो आकसला की खाली उतरतो. बरगड्यांमधले स्नायू छातीचा पिंजरा वर उचलतात. आतली जागा वाढते आणि हवा आत शिरते, लोहाराचा भाता उघडावा तशी. श्वास सोडताना, आपण शांत बसलेले असू तर, काही करावं लागत नाही. ताणलेलं फुफ्फुस आपसूक मागे येतं. फुंकायचं असेल, खोकायचं असेल, मुलांना हाक मारायची असेल, तर मात्र पोटाचे स्नायू कामाला लागतात. म्हणून मोजमाप दोन : ओढण्याचा जोर आणि फुंकण्याचा जोर.

मोजतात पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये. पारदर्शक नळी यू अक्षरासारखी वाकवायची, अर्धी पाण्याने भरायची आणि एका टोकाने हवा ओढायची. एका बाजूचं पाणी चढतं, दुसऱ्या बाजूचं उतरतं. दोन पातळ्यांमधलं अंतर म्हणजे तुमचा जोर. आता नळी आणि पाणी नसतं, हातात मावणारं यंत्र असतं, पण माप तेच राहिलं. शंभर म्हणजे मीटरभर पाणी तोलून धरणं. आणि गंमत अशी, की शांतपणे घेतलेल्या श्वासाला यातले पाच-सात सेंटिमीटर पुरतात. म्हणजे ज्याच्या खिशात शंभर रुपये आहेत तो दर वेळी पाच-सात रुपयेच खर्च करतो. त्यामुळे खिसा फाटला तरी बराच वेळ कुणाला पत्ता लागत नाही. बोटाचा चिमटा फक्त एवढंच सांगतो, की आत्तापुरते पाच रुपये दिले गेले आहेत. शिल्लक किती, हे तो सांगत नाही. आम्ही त्या रात्री ९८ पाहून खूश होत होतो, तेव्हा खरं तर शिल्लक संपत आली होती.

परीक्षेच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. त्या मुलीने आधी चार पानांचा अर्ज भरून घेतला. वय, उंची, वजन, दमा, क्षयरोग, ऑपरेशन, विडी-सिगारेट. कवी असून मी विडी ओढत नाही, यावरून मित्रांनी मला आयुष्यभर हिणवलं आहे. त्या दिवशी तिने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. अर्जात जात-धर्माचा रकाना नव्हता. अशा अर्जांची मला फारशी सवय नाही, त्यामुळे मी पानं उलटून दोनदा पाहिलं.

मग खुर्चीत ताठ बसवलं, नाकाला स्पंजचा चिमटा लावला, तोंडात नळी दिली. मुलगी इतकी हळू बोलणारी, की मला तिचं निम्मं ऐकू येत नव्हतं. "काका, सगळा श्वास बाहेर सोडा. अजून. अजून थोडा." आणि एकदम तिने असा आवाज लावला, की बाहेरचा शिपाई आत डोकावला. "आता ओढा! ओढा, ओढा, ओढा!" हे ओरडणं परीक्षेचाच भाग असतं म्हणे. माणूस आपण होऊन सगळा जोर लावत नाही, लावून घ्यावा लागतो.

आकडा आला ५२. माझ्या पोटात गोळा आला. ३८ आठवले.

"काही नाही काका," ती परत हळू आवाजात म्हणाली, "पहिल्यांदा सगळ्यांचंच कमी येतं." मग तिने जे सांगितलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटलं. या परीक्षेत मोठा आकडा आला तर शंका मिटते. ८० च्या वर गेलात तर ओढण्याच्या स्नायूंत म्हणण्यासारखा अशक्तपणा बहुधा नाही. पण छोटा आकडा आला तर तेवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. स्नायू दुबळे असतील, किंवा ओठांच्या कडेने हवा गळत असेल, किंवा माणसाला कळलंच नसेल, किंवा तो लाजला असेल. म्हणून पुन्हा पुन्हा करायचं, मध्ये मिनिटभर विश्रांती घ्यायची, आणि तीन आकडे एकमेकांच्या जवळपास येईपर्यंत थांबायचं नाही. क्षणभर उसळी मारलेलीही चालत नाही. जो जोर किमान सेकंदभर टिकला, तोच धरतात.

दुसऱ्या वेळी ६१. तिसऱ्या वेळी मला नळीच्या बाजूला एक बारीकसं भोक दिसलं. दोनेक मिलिमीटरचं असेल. मला वाटलं, यंत्र मोडकं आहे, म्हणून माझे मार्क जातायत. मी तसं बोललोही. ती हसली. म्हणाली, "ते मुद्दाम ठेवतात, काका. नाहीतर लोक छातीने न ओढता गालांनी ओढतात. स्ट्रॉने सरबत पितात तसं. गालांनी खूप मोठा आकडा येतो, पण तो खोटा. या भोकातून हवा येत राहिली की गालांची चलाखी टिकत नाही."

गालातली हवा खोटी. मी नळी तोंडातून काढली आणि क्षणभर काहीच बोललो नाही. तिला वाटलं चक्कर आली. अब्बांना जाऊन तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. मी खुर्चीत नीट बसलो आणि पोटातून आणलं. ७८. मग ८४. मग ८२. फुंकण्याचा जोर आला ११८.

शेवटी एक सोपी परीक्षा झाली. एका नाकपुडीत रबरी बोळा, त्याला जोडलेली नळी, आणि मोकळ्या नाकपुडीने जोरात हुंगायचं. "कसं?" मी विचारलं. ती म्हणाली, "फुलाचा वास घेतो तसं." मी म्हटलं, अत्तराचा फाया आहे असं समजतो. हे मला पहिल्या झटक्यात जमलं. हुंगायला कुणाला शिकवावं लागत नाही. म्हणूनच ज्यांना नळी ओठांत नीट धरता येत नाही, त्यांच्यासाठी ही पद्धत बरी पडते. १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावी १६० निरोगी माणसांना असं हुंगायला लावून त्याचे आकडे ठरवले गेले.

इतकं झाल्यावर मी माझा प्रश्न विचारला. ते शंभर कुठून आले?

तिच्या सरांनी लॅपटॉप उघडला. श्वास मोजण्याची हौस जुनी आहे. जॉन हचिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८४६ मध्ये लंडनमध्ये दोन हजारांहून अधिक लोकांचे श्वास मोजून प्रसिद्ध केले. त्यात खलाशी होते, पोलीस होते, आग विझवणारे होते, छापखान्यातले जुळारी होते, मुष्टियोद्धे होते, दरिद्री होते आणि 'सभ्य गृहस्थ' असा एक वेगळा वर्गही होता. फुफ्फुसात किती हवा मावते, यावरच त्याचा मुख्य भर होता, पण ओढण्याचा आणि फुंकण्याचा जोरही त्याने मोजला होता. आयुर्विम्याच्या कंपन्यांना हे उपयोगी पडेल असा त्याचा हिशेब होता. माणूस किती जगेल हे त्याच्या श्वासावरून कळेल, असं त्याला वाटे. स्वतः तो ऑस्ट्रेलियात गेला आणि १८६१ मध्ये फिजी बेटांवर वारला.

आजच्या डॉक्टरांच्या तोंडी जे आकडे आहेत, त्यांतले सगळ्यात प्रसिद्ध १९६९ चे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर गाव आहे, तिथे मेयो क्लिनिक. तीस वर्षांनी तिसाच्या नियमाचा लेख लिहिणारे डॉक्टरही तिथलेच. तिथे ब्लॅक आणि हायट या दोघांनी ६० पुरुष आणि ६० स्त्रिया, अशा एकशेवीस निरोगी माणसांना नळीत श्वास ओढायला लावला. एकशेवीस! आमच्या गल्लीतल्या एका लग्नाच्या पंगतीला याहून जास्त माणसं बसतात. पुरुषांची ओढण्याची सरासरी आली १२४, स्त्रियांची ८७. फुंकण्याची पुरुषांची २३३, स्त्रियांची १५२. पंचावन्नपर्यंत वयाचा फारसा फरक त्यांना दिसला नाही. त्यानंतर उतार लागतो.

पण सरासरीपेक्षा मला दुसरी गोष्ट नवलाची वाटली. पुरुषांची सरासरी १२४ खरी, पण तिच्या खाली-वर ४४ चं अंतर सहज पडत होतं. म्हणजे एक माणूस ८० चा, दुसरा १६८ चा, आणि दोघेही ठणठणीत. दुसरा पहिल्याच्या दुप्पट जोराने ओढतो, आणि दोघेही रोज तेवढाच जिना चढतात. 'नॉर्मल' हा एक आकडा असतो, असं मी समजत होतो. ते तर एक मोकळं मैदान निघालं.

मग १९८४ चं कोष्टक. लंडनमधल्या डॉक्टरांनी 'थोरॅक्स' या नियतकालिकात दिलेलं. त्यात पुरुषांची ओढण्याची सरासरी १०६, स्त्रियांची ७३. फुंकण्याची अनुक्रमे १४८ आणि ९३. रॉचेस्टरचे लोक लंडनकरांपेक्षा दीडपट जोराने फुंकतात की काय? तसं नाही. ओठांवर दाबून धरायची गोल नळी आणि ओठ व दात यांच्यामध्ये बसवायचा पसरट रबरी तुकडा, एवढ्या फरकानेही फुंकण्याचा आकडा बदलतो. गोल नळीत तो जास्त येतो. शिवाय ओरडणारा कोण, किती वेळा करून घेतलं, सेकंदभर टिकलेला जोर धरला की टोकाचा, यानेही बदलतो.

लंडनच्या त्या लेखाचं शीर्षक सरांनी मला वाचून दाखवलं. ते आकडे गोऱ्या वंशाच्या प्रौढांचे आणि मुलांचे आहेत, असं शीर्षकातच लिहिलेलं आहे. हा प्रामाणिकपणाच म्हणायचा. पण नंतर ते कोष्टक जगभर गेलं, आणि शीर्षक वाचायला प्रत्येकाला वेळ असतोच असं नाही. आपल्याकडचे आकडे हवेत, म्हणून इथल्या लोकांनी कामं केली आहेत. मंगळूरच्या निरोगी माणसांचे आकडे २०११ मध्ये 'लंग इंडिया'त आले. आमच्या गावातली ही मुलगी तिच्या परीने तेच करत होती.

इथे माझ्या मनात एक शंका आली, आणि ती मी बोलून दाखवली. आपले वेगळे आकडे काढायचे, ते आपल्याच भल्याचं आहे का? या बाबतीतला इतिहास काही चांगला नाही. फुफ्फुसातली हवा मोजण्याचं यंत्र अमेरिकेत गेलं, तेव्हा सॅम्युअल कार्टराइट नावाच्या एका डॉक्टरने काळ्या लोकांची फुफ्फुसं कमी भरतात असं सांगून गुलामगिरीचं समर्थन केलं. तो स्वतः गुलामांचा मालक होता. पुढे कित्येक दशकं यंत्रातच वंशाप्रमाणे आकडे कमी करून घ्यायची सोय होती. त्याचा अर्थ असा, की काळा माणूस आजारी असला तरी त्याचा कमी आकडा 'त्याच्या मानाने ठीक' ठरायचा. २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने ही वंशाची वजाबाकी सोडून द्यायला सांगितलं. हे सगळं हवेच्या मापाबद्दल, स्नायूंच्या जोराबद्दल नाही. पण धोका तोच. उद्या आपण म्हटलं, की आपल्या माणसांचा जोर जरा कमीच असतो, तर एखाद्या पोराचे घसरलेले आकडे कुणाला घसरलेले वाटणारच नाहीत. आणि आपण म्हटलं, की रॉचेस्टरचं कोष्टक चालेल, तर बारीक चणीच्या धडधाकट बाईला उगाच आजारी ठरवलं जाईल.

सर म्हणाले, "म्हणूनच एका आकड्यावर निर्णय घेत नाही. काल किती होता आणि आज किती आहे, ते बघतो." भाच्याचं तेच झालं होतं. रात्रीचे ३८ पहाटे २६ झाले, तिथे कुठल्या देशाचं कोष्टक यापेक्षा तो उतार महत्त्वाचा ठरला. तरीही मला वाटतं, आकडे हवेतच. आपल्या माणसांचे हवेत, आणि त्यांतली कमी कशामुळे आली, रक्तामुळे की लहानपणी पोटाला कमी मिळाल्यामुळे, हे विचारायची तयारीही त्यांच्यासोबत हवी.

परीक्षेला स्त्रिया कमी येतात, अशी त्या मुलीची तक्रार होती. घरी येऊन मी बायकोला म्हटलं. ती म्हणाली, "पाऊण तास बसून नुसतं फुंकायचं? आमच्या लहानपणी हेच काम होतं." तिच्या माहेरी चूल होती आणि ओल्या लाकडांवर फुंकणी धरायचं काम थोरल्या मुलीचं. दुसऱ्या दिवशी ती गेली. ओढण्याचे ६९ आणि फुंकण्याचे ११२. माझे ११८ होते, हे मी तिला सांगायला नको होतं. त्यानंतर आठवडाभर घरात बाकीचे सहा कुठे गेले, यावर चर्चा झाली नाही, पण माझ्या चहात साखर कमी होती. मी कोष्टकं काढून बसलो. ११२ म्हणजे रॉचेस्टरच्या बायकांच्या सरासरीपेक्षा चाळीसने खाली आणि लंडनच्या बायकांच्या सरासरीपेक्षा एकोणीसने वर. एकच बाई, एकच श्वास. एका कोष्टकात मागच्या बाकावर, दुसऱ्यात पुढच्या. तिला सांगितलं तर म्हणाली, "मला मिरजेचं सांगा."

मिरजेचं अजून तयार व्हायचं होतं. आम्ही दोघं त्यात दोन ओळी आहोत, नावाशिवाय, नुसते क्रमांक. माझी कविता छापून येते तेव्हा नाव असतं. इथे नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही, हे मलाच आश्चर्य वाटलं.

दिवाळीच्या सुटीत भाचा मिरजेला आला. आता चालतो, जिना चढतो, संध्याकाळी पावलं थोडी जड पडतात एवढंच. त्याला सगळं सांगितलं तर म्हणाला, "मलाही मोजू दे." घेऊन गेलो. मुलीने अर्ज पुढे केला, आणि 'पूर्वीचे आजार' या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं. तिला फार अवघडल्यासारखं झालं. "दादा, तुम्हांला घेता येणार नाही. या अभ्यासात ज्यांना स्नायूंचा किंवा मज्जातंतूंचा आजार कधीच झाला नाही, तेच लागतात."

तो काही बोलला नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाला, "मामू, मतलब मैं नॉर्मल नहीं?"

मी त्याला ते ८० आणि १६८ सांगितले, गालांचं सांगितलं, नाना-अब्बांचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. संध्याकाळी गच्चीवर वाळवणाच्या दोरीखाली आम्ही बसलो होतो. बायको चहा घेऊन वर आली. तो अचानक ताठ बसला, मोठा श्वास घेतला आणि सेकंदाला दोन आकडे या वेगाने मोजायला लागला. चोवीस आले तेव्हा बायकोने कप खाली ठेवला. तीस गेले. पस्तीस गेले. बेचाळिसाला तो थांबला, हसला आणि खोकला.

"अब तुम, मामू."

मी सुरुवात चांगली केली. पण आपल्या मराठीतले एकोणतीस, एकोणचाळीस हे आकडे सेकंदाला दोन या वेगात बसत नाहीत, हे त्या रॉचेस्टरवाल्यांना कुठून ठाऊक असणार? एकोणचाळिसाला माझी जीभ अडखळली आणि दम सुटला. बायको म्हणाली, "गाल फुगवले होते." भाचा म्हणाला, नाही, फिरसे. मी पुन्हा श्वास घेतला.